जावयाचं आडनाव आणि नेपोलियन

वाचकांचे प्रश्न : आडनावांची चौकशी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करते. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं लग्न ठरलं आहे. मुलगा गुणी आहे, घरची माणसं साधी आहेत, आम्हा सगळ्यांना पसंत आहेत. अडचण आडनावाची. ते आहे नाक्तखेबोरन. साखरपुड्याच्या आदल्या रात्री माझ्या पुतण्याने मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि सगळ्यांसमोर अर्थ वाचून दाखवला : ‘नागडा जन्मलेला’. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कुणी म्हणतं, नेपोलियनने आडनावांची सक्ती केली म्हणून डच लोकांनी मुद्दाम असली वात्रट नावं लिहून दिली. जावईसुद्धा हसत हसत हेच सांगतात. लग्न ठाण्याला आहे, पत्रिका छापायला टाकायची आहे. हे खरं आहे का? हे आडनाव कितपत आढळतं? आणि मुलीने ते लावलं नाही तर पुढे नातवंडांचं काय?
– एक आई, मानपाडा, ठाणे (नाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : ताई, पत्रिका खुशाल छापायला टाका आणि आडनाव पूर्ण छापा. नेपोलियनची गोष्ट या आडनावाला लागू पडत नाही. जावई ती सांगतात यात त्यांचा काही दोष नाही. नेदरलँड्समध्ये ती घरोघरी सांगितली जाते आणि उदाहरण म्हणून हटकून हेच आडनाव पुढे केलं जातं. पण हे आडनाव नेपोलियनच्या हुकमाच्या आधीपासून कागदोपत्री सापडतं. जे नाव हुकूम निघण्याआधीच होतं, ते हुकमाची टर उडवायला घेतलेलं कसं असेल?

मी ठाणे जिल्ह्यात जन्म-मृत्यू नोंदणीच्या दप्तरात नोकरी केली. तिथे एक सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. नावाचा अर्थ शोधण्याआधी त्याची तारीख शोधायची. सगळ्यात जुनी नोंद कोणत्या सालची, सांगणारा कोण, लिहिणारा कोण आणि त्या दोघांची बोली एक होती का, एवढं समजलं की बऱ्याच आख्यायिका जागच्या जागी गळून पडतात. पुतण्याने अर्थापासून सुरुवात केली आणि तिथेच गोंधळ झाला.

आधी नेपोलियनचा हुकूम बघू. १८१० मध्ये नेदरलँड्स फ्रेंच साम्राज्याला जोडलं गेलं आणि १८ ऑगस्ट १८११ ला फर्मान निघालं की ज्यांना कायमचं आडनाव नाही त्यांनी ते घेऊन नोंदवावं. त्यात माणसाची थट्टा करण्याचा हेतू नव्हता. तोवर जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी चर्चच्या वह्यांमध्ये होत. आता सरकारी दप्तर सुरू झालं होतं, आणि करवसुली, सैन्यभरती त्याच्या आधाराने चालायची होती. दर पिढीला बापाच्या नावाप्रमाणे आडनाव बदलणारी माणसं अशा दप्तरात सापडणार कशी?

उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतात आडनाव नसलेली घरं खूप होती. त्यांची रीत आपल्याला लगेच कळते. पीटरचा मुलगा यान, म्हणून तो यान पीटर्स. त्याचा मुलगा पीटर यान्स. तिसऱ्या पिढीत पुन्हा वेगळं. आपण नावामागे वडिलांचं नाव लावतो आणि त्यापुढे आडनाव लिहितो. हे शेवटचं आडनाव पुसून टाकलं की फ्रिसलंडची रीत झाली.

त्या प्रांताच्या १८११-१२ च्या नावनोंदणीच्या वह्या लेउवार्डन शहरातल्या ट्रेसोआर या अभिलेखागाराने जपल्या आहेत. माझी धाकटी बहीण लायडनला असते. तिच्यामुळे मला त्यातल्या नोंदी निवांत बघता आल्या. सगळ्या एकाच साच्यातल्या. कुटुंबप्रमुख मेयरसमोर हजर झाला, तो अमुक गावचा, त्याने अमुक आडनाव घेत असल्याचं सांगितलं. मग मुलगे आणि मुली, प्रत्येकाचं वय, कोण कुठे राहतं. त्याखाली नातवंडं, तीही वयासकट, अगदी तान्ह्या बाळापर्यंत. तळाशी सही. सही येत नसेल तर आपल्याकडे अंगठा उठतो. तिथे त्याऐवजी एक वाक्य येतं : लिहिता येत नसल्याचं यांनी सांगितलं. आडनावं कोणती घेतली? टेर्पस्ट्रा, म्हणजे पुरापासून वाचण्यासाठी घातलेल्या मातीच्या उंचवट्यावर राहणारे. डाइकस्ट्रा, म्हणजे बांधाकाठचे. कुणी धंद्यावरून घेतलं, कुणी गावावरून, कुणी आजोबांच्या नावावरून. आपल्या प्रत्येक नातवाचं वय सांगून जो माणूस नोंद करून घेतो, तो त्याच नातवांच्या गळ्यात थट्टेचं नाव बांधेल हे मला पटत नाही. लोकांनी चालढकल केली हे मात्र खरं. नेपोलियन गेल्यावर १८२५ मध्ये राजा पहिला विल्यम याला त्याच विषयावर नव्याने फर्मान काढावं लागलं. नको असलेला हुकूम लोक टाळतात. त्यासाठी स्वतःचं हसं करून घेत नाहीत.

शिवाय हा सगळा खटाटोप ज्यांना आडनाव नव्हतं त्यांच्यासाठी होता. पश्चिमेकडच्या शहरांमध्ये बहुतेकांना ते कधीचंच होतं. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा आन्तोनी फान लेउवेनहुक आपल्याला शाळेत शिकवला होता. तो १६३२ साली डेल्फ्टला जन्मला. वडील टोपल्या विणायचे. घर सिंहद्वार नावाच्या वेशीजवळ कोपऱ्यावर, म्हणून लेउवेनहुक, सिंहाचा कोपरा. नेपोलियनच्या फर्मानाच्या पावणेदोनशे वर्षं आधीची ही गोष्ट.

आता तुमच्या जावयांच्या आडनावाकडे येऊ. डचमध्ये ‘नाक्त’ म्हणजे नागडा आणि ‘खेबोरन’ म्हणजे जन्मलेला, इथपर्यंत पुतण्या बरोबर आहे. पण नावांचे अभ्यासक या आडनावाचं मूळ जर्मनमधल्या ‘नाखगेबोरन’ या शब्दात बघतात. ‘नाख’ म्हणजे नंतर, मागाहून. मागाहून जन्मलेला, म्हणजेच वडील वारल्यानंतर जन्माला आलेलं मूल.

जर्मन ‘नाख’चं डच ‘नाक्त’ कसं झालं असेल, हे दप्तरात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नवी मुंबईच्या गावांमधली आगरी-कोळी मंडळी सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी कागद जमवायला लागली, तेव्हा आजी-पणजीच्या नोंदी शोधायला आमच्याकडे यायची. एका घरातली आजी सगळ्या गावाला कालूबाय म्हणून माहीत. सातबाऱ्यावरही तेच. मृत्यूच्या नोंदीत मात्र कलावती. नोंद करणारा लेखनिक घाटावरचा होता. आगरी बोलीत ळ चा ल होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ‘कालू’ हे काही नाव वाटेना, तेव्हा त्याने आपल्या कानाला ओळखीचं असलेलं, नीटस नाव लिहिलं. त्यात वाईट हेतू नव्हता, उलट चांगलं लिहितोय असंच त्याला वाटलं असणार. नातवाला मात्र कालूबाय आणि कलावती एकच, हे प्रतिज्ञापत्रावर सिद्ध करत बसावं लागलं. परकी बोली कानावर पडली की लिहिणारा आपल्या भाषेतला सगळ्यात जवळचा शब्द उचलतो. डच लेखनिकाने ‘नाख’ ऐकलं आणि ‘नाक्त’ लिहिलं, यात नवल काय?

असे जर्मन लोक नेदरलँड्समध्ये थोडेथोडके येत नव्हते. १६०२ ते १७९९ या काळात चाललेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर खलाशी आणि शिपाई म्हणून चढणाऱ्यांमध्ये परक्या मुलखातल्यांचं, त्यातही जर्मनांचं प्रमाण फार मोठं होतं. कोचीन, सुरत, आपलं वेंगुर्ला, इथल्या वखारी याच कंपनीच्या. तिच्या जहाजांच्या पगारवह्या हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. माणसाचं नाव, मूळ गाव, जहाज, चढल्याची तारीख, नोकरी कशी संपली, सगळं त्यात असतं, आणि जर्मन गावांची नावं डच कानाने लिहिलेली असतात. एकाच गावाची कितीतरी रूपं. ती वाचताना मला आमच्या दप्तराची फार आठवण येते. त्या वह्यांचा तुमच्या जावयांच्या घराण्याशी संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. परभाषेतलं नाव डच कागदावर कसं उतरायचं, एवढं त्यावरून कळतं.

तेव्हा ताई, पुढच्या वेळी घरात विषय निघाला की सवाई माधवरावांचं नाव काढा. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. गंगाबाईंच्या त्या बाळाचं कौतुक मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नाक्तखेबोरन या आडनावाच्या मुळाशी असंच एखादं मूल आणि अशीच एखादी आई आहे. हे कळल्यावर तुमच्याकडे कुणी हसेल असं मला वाटत नाही.

आता हे आडनाव कितपत आढळतं ते. नेदरलँड्समध्ये तीन लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं आहेत. एका टोकाला दे योंग, म्हणजे ‘धाकटा’. हे एकटं ऐंशी हजारांवर लोकांचं. त्यामागे यान्सन, दे फ्रीस, बाकर, फिसर. दुसऱ्या टोकाला पाचांहूनही कमी माणसं उरलेली आडनावं. नाक्तखेबोरन दे योंगसारखं गल्लोगल्ली भेटणार नाही, पण नामशेषही नाही. नेमका आकडा जावयांनीच काढावा, त्यात त्यांना गोडी वाटेल. अॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने उभारलेली आडनावांची सूची आता हेगच्या कुटुंब-इतिहास केंद्राकडे आहे. तिथे प्रत्येक आडनावासमोर दोन आकडे मिळतात, एक १९४७ च्या जनगणनेचा आणि दुसरा २००७ चा. शिवाय कोणत्या भागात किती, त्याचा नकाशा. पाचांपेक्षा कमी असतील तर नेमका आकडा देत नाहीत, कारण तो आकडा म्हणजे माणसाचा पत्ताच सांगणं होईल.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. १९४७ मध्ये नेदरलँड्सची लोकसंख्या ९६ लाखांच्या आसपास होती, २००७ मध्ये १ कोटी ६३ लाखांवर गेली. म्हणजे तेव्हा शंभर माणसं असलेलं आडनाव २००७ ला १७० च्या घरात असेल तर ते जागेवर आहे, वाढलेलं नाही. शंभराचं एकशे वीस झालेलं बघून घराणं वाढलं असं म्हणणारे भेटतात. खरं तर ते मागे पडलेलं असतं. महायुद्धानंतर काही लाख डच माणसं कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली, तीही या मोजणीत नाहीत.

आडनावं दुर्मिळ का होतात, याचं गणित इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये मांडलं. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, तर प्रत्येक पिढीत कुणाला तरी मुलगे नसतात आणि त्या त्या फांद्या थांबतात. आडनाव लावणारी घरं मुळातच थोडी असली तर सगळ्याच फांद्या थांबायला फार पिढ्या लागत नाहीत. त्याला घराण्याचा ऱ्हास वगैरे काही व्हावा लागत नाही. वर सांगितलेल्या लेउवेनहुकचंच बघा. त्याच्या मुलांपैकी एकटी मारिया मोठी झाली. तिने वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, लग्न केलं नाही. जगाने ओळखलेल्या माणसाची शाखा तिच्यापाशी संपली.

आणि एक कारण असं आहे की ते गणितात बसत नाही. १९४७ ची जनगणना युद्धानंतरची आहे. युद्धाआधी नेदरलँड्समध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू राहत होते, त्यातले १ लाख २ हजारांहून जास्त मारले गेले. अॅमस्टरडॅममध्ये २०२१ पासून त्यांचं स्मारक आहे, प्रत्येकाच्या नावाची एकेक वीट. भिंतीशी उभं राहून वाचत गेलं की एकाच आडनावाच्या विटांच्या रांगा लागतात, आजोबांपासून नातवापर्यंत. त्यात ‘फान’ने सुरू होणारी गावावरची आडनावं खूप आहेत. मी ठाणेकर, त्यामुळे मला तिथे आपली बेने इस्रायल मंडळी आठवली : पेणकर, नवगावकर, अष्टमकर. १८७९ मध्ये बांधलेलं त्यांचं सिनेगॉग ठाण्यात आजही उभं आहे. गाव सोडल्यावरच गावाचं नाव माणसाला लागतं, हे तिथेही आणि इथेही सारखं. तेव्हा एखादं डच आडनाव १९४७ च्या यादीत एकदम तुरळक दिसलं तर त्याच्यामागे हेही असू शकतं.

शेवटचा प्रश्न मुलीचा. डच कायद्यात लग्नाने बाईचं आडनाव बदलत नाही. कागदावर ती माहेरच्या नावानेच राहते. व्यवहारात नवऱ्याचं लावायचं, स्वतःचं ठेवायचं, की दोन्ही जोडायची, हे तिने ठरवायचं, आणि नवऱ्यालाही बायकोचं लावायची मुभा आहे. नातवंडांसाठी १ जानेवारी २०२४ पासून नवी सोय झाली आहे. आईचं, वडिलांचं, किंवा दोघांचीही एकापुढे एक, हव्या त्या क्रमाने. पहिल्या मुलाच्या वेळी जे ठरेल तेच पुढच्या भावंडांना लागतं, म्हणून बाळ यायच्या आत दोघांनी बोलून ठेवावं. लग्न झालेल्या जोडप्याने काहीच निवडलं नाही तर वडिलांचं आडनाव लागतं. माझं मत विचाराल तर दोन्ही द्यावीत. तुमचंही टिकेल, त्यांचंही.

आणि हो, हास्यास्पद किंवा लाजिरवाणं आडनाव बदलून मिळावं म्हणून तिथल्या न्याय खात्याकडे अर्ज करता येतो. तरीही नाक्तखेबोरन लावणारी घरं आजही आहेत. त्यांनी ते अभिमानाने लावलं आहे, तुम्हीही तसंच पत्रिकेत लिहा. मराठीत ‘नाक्तखेबोरन’ असंच छापा. ‘ख’ घशातून, थोडा खरखरीत. मंगलाष्टकांआधी गुरुजींकडून एकदा म्हणवून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्रंथालयात चरित्रांची नवी सूची करत आहोत. व्हॅन गॉग ‘व’ खाली लावायचा की ‘ग’ खाली? मार्टिन व्हॅन ब्युरेनचं काय?
– एक ग्रंथपाल, वाशी, नवी मुंबई

उत्तर : माणूस कुठला ते बघायचं. नेदरलँड्समध्ये ‘फान’ (आपण ‘व्हॅन’ लिहितो तेच), ‘दे’, ‘फान देर’ ही आडनावाच्या आधीची जोड मानतात आणि सूचीत धरत नाहीत. म्हणून व्हिन्सेंट ‘ग’ खाली. शेजारच्या बेल्जियममध्ये हीच जोड आडनावाचा भाग होऊन बसली आहे, तिथला माणूस ‘व’ खालीच जातो. ब्युरेन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, जन्म १७८२ चा, घरात डच बोलतच मोठे झाले, पण अमेरिकेत जोड आडनावात मुरली, म्हणून तेही ‘व’ खाली. रूझवेल्ट घराण्याने तर ती टाकूनच दिली, त्यांचा प्रश्नच नाही. मुलं मात्र व्हिन्सेंटला ‘व’ मध्येच शोधणार, तेव्हा तिथे ‘पहा : गॉग’ असं एक कार्ड जरूर ठेवा.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना घरातला सगळ्यात जुना कागद कोणत्या सालचा आहे आणि त्यावर आडनाव कसं लिहिलं आहे, तेवढं न विसरता कळवा. मोडीत असेल तर स्वच्छ फोटो पाठवा, मी वाचून देईन.